‘फ्री एजंट’ला मराठीत काय म्हणावे? आणि खेळाडूची किंमत की मोल?

पारंबी:
अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी दोन ठिकाणी अडले आहे. पहिला शब्द ‘फ्री एजंट’, म्हणजे करार संपल्यामुळे कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा झालेला खेळाडू. मराठीत एजंट म्हटले की विम्याचा किंवा जागेचा मध्यस्थच डोळ्यांपुढे येतो, आणि या व्यवहारात खेळाडूचा खराखुरा एजंटही असतोच. ‘करारमुक्त खेळाडू’ लिहून निभावले असते, पण पुढे ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ आला. २०२२ मध्ये डिआंड्रे एटनला इंडियानाने ४ वर्षांसाठी सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले; फीनिक्सने, म्हणजे त्याच्या मूळ संघाने, तेवढेच देण्याचे मान्य केले आणि नियमाप्रमाणे त्याला तिथेच राहावे लागले. अशा माणसाला ‘मुक्त’ कसे म्हणावे? दुसरी अडचण ‘वर्थ’ची. अव्वल खेळाडूची ‘किंमत’ कमाल पगाराहून अधिक असते, असे मी लिहिले होते. माणसाची किंमत करीत नाहीत, असे सांगून माझ्या वडिलांनी तो शब्द खोडला.

जुना वाचक:
एजंट हा शब्द ‘करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे, म्हणजे तो आपला ‘कर्ता’च. ‘स्वतन्त्रः कर्ता’ हे पाणिनीचे सूत्र (१.४.५४) व्याकरणातील कर्त्याविषयी असले, तरी फ्री एजंटची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही. ‘स्वतंत्र खेळाडू’ आणि ‘सशर्त स्वतंत्र खेळाडू’ असे लिहावे. ‘किंमत’ अरबीतून आलेला आहे. ‘मूल्य’ असताना त्याची गरज नाही.

वऱ्हाडी माणूस:
पाणिनीकडे जाण्याआधी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाऊन यावे, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपते, खानदेशात सालदाराचे अक्षय्य तृतीयेला. लहानपणी पाडव्याआधीच्या पंधरवड्यात अमुक गडी ‘सुटला’, तमुक ‘थांबला’, अमक्याने त्याला इतके पोते ज्वारी जास्त कबूल केली, याखेरीज दुसरे बोलणे मी पारावर ऐकले नाही. म्हणून ‘सुटलेला खेळाडू’ मला जवळचा वाटतो. आणि आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे: वस्तूला किंमत असते, माणसाच्या कष्टाला मोल असते. मोलमजुरी, मोलकरीण हे शब्द उगाच झालेले नाहीत.

मिशिगनकाठ:
मी अनेक वर्षे शिकागोत राहतो. सालगड्याची तुलना मला मनापासून पटली, मात्र ती एनबीएच्या जुन्या काळाला लागू पडत नाही. तेव्हा करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. ऑस्कर रॉबर्टसन आणि इतर खेळाडूंनी १९७० मध्ये दावा लावला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे ही दारे उघडू लागली. ‘वर्थ’बाबत मात्र आधी व्यवहार पाहावा. १९९६-९७ च्या हंगामात मायकल जॉर्डनला ३ कोटी डॉलरहून अधिक पगार मिळाला, आणि त्या वर्षी एका संपूर्ण संघाची पगारमर्यादा अडीच कोटींच्याही आत होती. १९९९ च्या करारात एकेका खेळाडूच्या पगारालाच कमाल मर्यादा आली. आज ती अनुभवानुसार संघाच्या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असते. म्हणजे सर्वोत्तम खेळाडूला खुल्या बाजारात जे मिळाले असते, ते त्याला मिळतच नाही. येथे बोली नाही, लिलाव नाही, त्यामुळे आयपीएलच्या बातम्यांतील ‘भाव’ येथे चालणार नाही.

जुना वाचक:
‘मोल’ हे ‘मूल्य’चेच रूप आहे, म्हणून माझा विरोध नाही. तरीही कोट्यवधी डॉलर घेणाऱ्याला मोलकरणीचा शब्द लावणे खटकते.

वऱ्हाडी माणूस:
मला तेच योग्य वाटते. दोघेही अंगमेहनत विकतात, आणि ‘अनमोल’ म्हणताना आपल्यापैकी कोणालाही खटकत नाही.

मिशिगनकाठ:
याच लेखात ‘रूमर’ येत असेल, तर सरसकट ‘अफवा’ लिहू नये. अफवा म्हणजे मुळात अरबीत ‘तोंडे’. ती अनेक तोंडांतून आपोआप वाढते. वावडी म्हणजे पतंग, तिची दोरी कोणाच्या तरी हाती असते. पगार वाढवून घेण्यासाठी एजंटाने पेरलेल्या बातमीला म्हणूनच ‘वावडी’ शोभते. २०१५ मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला आणि सह्या करण्याची मुभा मिळण्यापूर्वीच मन बदलून तो आपल्या आधीच्या संघाकडे, क्लिपर्सकडे, परतला. डॅलसची ती बातमी अफवाही नव्हती आणि वावडीही नव्हती.

जुना वाचक:
त्याला ‘शब्द फिरवणे’ म्हणतात. मात्र ‘वावडी’ आज ‘वावड्या उठवणे’ या प्रयोगापलीकडे फारशी उरलेली नाही. एकवचनात लिहिली तर तरुण वाचकाला कळेल का?

पारंबी:
सर्वांचे आभार. ‘मोल’ लिहून मी वडिलांना दाखवला आणि त्यांनी तो ठेवला. एटनसाठी मात्र अजून शब्द मिळालेला नाही: ‘सशर्त स्वतंत्र’ वाचल्यावर अट खेळाडूने घातली आहे असे वाटते, आणि ‘सुटलेला’ म्हणावे तर तो सुटलाच नव्हता.