लिनक्सवर प्रोसेसरचे तापमान ८५ अंशांच्या आत ठेवण्यासाठी कर्नलचा कोणता ड्रायव्हर वापरावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे इंटेल कोअर आय५-८२५०यू प्रोसेसरचा लॅपटॉप असून त्यावर डेबियन १२ आहे. हिवाळ्यात काही अडचण येत नाही. मात्र अकोल्यात मे महिन्यात खोलीतलाच पारा ४० अंशांच्या घरात असतो, आणि तेव्हा एखादा मोठा प्रकल्प कम्पाइल करायला घेतला की 'सेन्सर्स' ही आज्ञा ९७ अंश दाखवू लागते, पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि प्रोसेसरचा वेग ३ गिगाहर्ट्झच्या वरून एकदम १.६ च्या आसपास येऊन पुन्हा वर जातो. हे वरखाली काम संपेपर्यंत चालूच राहते. मॉड्यूलांच्या यादीत कोअरटेम्प, एक्स८६_पीकेजी_टेम्प_थर्मल आणि इंटेल_पॉवरक्लॅम्प हे तिन्ही दिसतात. शिवाय 'एसीपीआयटीझेड' नावाचा एक थर्मल झोन (कर्नलने दाखवलेले तापमान मोजण्याचे ठिकाण) आहे, पण तो सदैव २७.८ अंशच दाखवतो. यांपैकी तापमानावर नियंत्रण नेमके कोणाचे असते? ८५ अंशांची मर्यादा कर्नलमधून घालता येईल का, आणि पंखाही तेथूनच चालवता येईल का?

उत्तर १

आपण दिलेल्या नावांपैकी एकही ड्रायव्हर एकट्याने तापमान सांभाळत नाही. कोअरटेम्पचे काम केवळ वाचनाचे आहे. प्रत्येक कोअरमधला सेन्सर प्रत्यक्ष तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून, म्हणजे आपल्या प्रोसेसरच्या बाबतीत १०० अंशांपासून, आपण किती खाली आहोत एवढेच तो सांगतो आणि कोअरटेम्प ती वजाबाकी करून आकडा देतो. म्हणूनच मर्यादेजवळचे आकडे भरवशाचे असतात, तर थंड प्रोसेसरचे आकडे तितके काटेकोर नसतात. एक्स८६_पीकेजी_टेम्प_थर्मल हा संपूर्ण पॅकेजचे तापमान झोन म्हणून मांडतो आणि ठरवलेला टप्पा ओलांडला गेला की युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना, कळवतो. पुढची कारवाई त्याच्याकडे नाही. पॉवरक्लॅम्प सर्व कोअर एकाच वेळी सक्तीने विश्रांतीत पाठवू शकतो, पण कोणी सांगितल्याशिवाय तो काहीच करत नाही. हे सांगण्याचे काम बहुधा थर्मलडी हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम करतो, तेव्हा तो बसवलेला आहे का ते पाहावे. एसीपीआयटीझेडचा आकडा फर्मवेअरकडून, म्हणजे उत्पादकाने मशीनमध्येच घातलेल्या सॉफ्टवेअरकडून, येतो आणि अनेक लॅपटॉपांत तो असाच ठोकळेबाज असतो; त्याच्यावर कोणताही निर्णय बेतू नये.

आता ९७ या आकड्याकडे पाहा. मर्यादा १०० असताना घसरण ९७ लाच होते, याचा अर्थ फर्मवेअरने 'टीसीसी ऑफसेट', म्हणजे कमाल मर्यादेच्या किती अंश आधी आवर घालायचा तो आकडा, ३ ठेवला असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे आपल्याला दिसणारी वेगातली घसरण कर्नलची नसून हार्डवेअरच्या स्वसंरक्षणाची आहे आणि ती कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम असली तरी होणारच. खात्री करायची असेल तर सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या '/sys'मध्ये, प्रत्येक सीपीयूखाली 'थर्मल_थ्रॉटल' नावाचे फोल्डर असते, त्यातला 'पॅकेज_थ्रॉटल_काउंट' कामापूर्वी आणि कामानंतर वाचावा. तो वाढला असेल तर शंका उरत नाही.

आपल्या ८५ अंशांच्या मर्यादेचे थेट उत्तरही येथेच आहे. कर्नलच्या ५.१३ या आवृत्तीपासून 'इंटेल_टीसीसी_कूलिंग' हा ड्रायव्हर उपलब्ध आहे आणि तो हाच ऑफसेट एक कूलिंग डिव्हाइस म्हणून समोर ठेवतो. मॉड्यूल लोड करून, 'टीसीसी ऑफसेट' या प्रकारचे डिव्हाइस शोधून, त्याच्या 'कर_स्टेट' फाइलमध्ये रूट अधिकाराने १५ लिहिले की हार्डवेअर ८५ अंशांवरच आवर घालू लागते. काही उत्पादक हा ऑफसेट कुलूपबंद ठेवतात; तसे असेल तर ड्रायव्हर लोडच होत नाही आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, तसा संदेश उमटतो.

उत्तर २

वरील उत्तर अचूक आहे, परंतु केवळ ऑफसेट बदलून थांबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ऑफसेट म्हणजे शेवटचा अडसर. त्याला धडकून वेग खाली येणे आणि पुन्हा वर जाणे हा आपला मूळ त्रास त्याने संपणार नाही, तो फक्त ९७ ऐवजी ८५ वर होईल. खरा उपाय मुळात उष्णताच कमी निर्माण होऊ देणे हा आहे आणि त्यासाठी 'इंटेल_रॅपल' हा प्रोसेसरच्या वीजवापरावर मर्यादा घालणारा ड्रायव्हर आहे.

हिशेब सोपा आहे. भार स्थिर असताना चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वॅट गुणिले त्या लॅपटॉपचा उष्णतारोध. टर्बोस्टॅट हे वीजवापर दाखवणारे साधन चालवून पॅकेजचे सरासरी वॅट पाहावेत. समजा ते १६ आले, तर ९७ वजा ४० म्हणजे ५७ अंशांची वाढ १६ वॅटमुळे होते, म्हणजेच दर वॅटला सुमारे ३.६ अंश. ८५ वर थांबायचे तर ४५ अंशांची वाढ चालेल, म्हणजे साधारण १२.५ वॅट. हाच लॅपटॉप २५ अंशांच्या खोलीत ८५ वर राहून १६ वॅट सहज पेलतो, म्हणून हिवाळ्यात आपल्याला त्रास जाणवत नाही.

आता सिसएफएसमधल्या पॉवरकॅपखालच्या 'इंटेल-रॅपल:०' या फोल्डरमध्ये दीर्घकालीन मर्यादेच्या फाइलमध्ये, म्हणजे 'कन्स्ट्रेंट_०_पॉवर_लिमिट_यूडब्ल्यू'मध्ये, १२५००००० लिहावे, कारण एकक मायक्रोवॅट आहे. वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते, आणि वेग उतरला की व्होल्टेजही उतरते. त्यामुळे वॅट एक-पंचमांशाहून अधिक घटले तरी कामाचा वेग तितका घटत नाही. कम्पाइलसारख्या लांबलचक कामात हा स्थिर वेग मला हेलकाव्यांपेक्षा केव्हाही बरा वाटतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. थ्रॉटल काउंट खरोखरच झपाट्याने वाढत होता आणि टीसीसी ड्रायव्हरही विनातक्रार लोड झाला. रॅपलची मर्यादा १२.५ वॅट केल्यावर तापमान ८४-८६ च्या दरम्यान स्थिरावले आणि वेग २ गिगाहर्ट्झच्या थोडा वर टिकून राहतो. मात्र चार्जर काढून पुन्हा लावला की मर्यादा मूळ पदावर येते. हे कसे टाळावे? आणि पंख्याचा प्रश्न अजून उरला आहे.

उत्तर २

चार्जर बदलताच आपल्या फर्मवेअरने स्वतःची मूल्ये पुन्हा लिहिलेली दिसतात. उपकरणांतले बदल हाताळणाऱ्या यूडेव्हमध्ये 'पॉवर_सप्लाय'च्या बदलावर एक नियम बसवून तोच आकडा पुन्हा लिहावा. मशीन सुरू होतानाच्या लेखनासाठी सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीचे छोटे युनिट पुरेल. 'इंटेल-रॅपल-एमएमआयओ' नावाचे दुसरे फोल्डर दिसत असेल तर तेही पाहावे, कारण दोन्हींपैकी जी मर्यादा कमी असेल तीच लागू होते.

उत्तर ३

पंख्याबद्दल लिहितो. लॅपटॉपचा पंखा बहुधा एम्बेडेड कंट्रोलर या स्वतंत्र छोट्या चिपच्या ताब्यात असतो आणि कर्नलला त्यापर्यंत पोहोचायचे तर त्या मॉडेलसाठीचा ड्रायव्हर लागतो. थिंकपॅडसाठीच्या 'थिंकपॅड_एसीपीआय'मध्येसुद्धा पंख्याचे नियंत्रण मुद्दाम बंद ठेवलेले असते; 'फॅन_कंट्रोल=१' हे पॅरामीटर दिल्यावरच ते खुले होते. त्यात १२० सेकंदांपर्यंतचा वॉचडॉगही लावता येतो, जेणेकरून पंखा चालवणारा प्रोग्राम बंद पडला तर ड्रायव्हर स्वतः पंखा पूर्ववत चालू करतो. ही काळजी सर्व ड्रायव्हरांत घेतलेली नाही. एचडब्ल्यूमॉन या कर्नलच्या सेन्सर-पंखा व्यवस्थेतून 'पीडब्ल्यूएम१_एनेबल' हाताने १ केले, म्हणजे पंखा स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि नंतर स्क्रिप्ट मेली, तर पंखा शेवटच्या वेगावर अडकून राहू शकतो, आणि तो वेग कमी असेल तर अकोल्याच्या मे महिन्यात ते परवडणारे नाही. आपला पंखा आधीच पूर्ण वेगाने फिरतो आहे, तेव्हा हाती घेऊन अधिक काही मिळणार नाही. त्याऐवजी मागचे झाकण उघडून हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढावी आणि मग उत्तर २ मधला दर वॅटमागील अंशांचा हिशेब पुन्हा करावा, ३.६ चा आकडा खाली आला, तर तितके वॅट आपल्याला वाढवून घेता येतील.