हुक अडकवायचा कशाला?

साइटवाला, भायली
बडोद्यात वीस वर्षं साइट सांभाळतोय. हेल्मेट, बेल्ट, बूट सगळं देतो. काल पुन्हा तेच. सातव्या मजल्यावर बाहेरच्या परांचीवर दोघं जण, बेल्ट कमरेला नुसता लोंबतोय. हेल्मेट सळईला टांगलेलं, आत तंबाखूची पुडी! ओरडलो तर हसले. अमेरिकेतला सुरक्षातज्ज्ञ हाइनरिख १९३१ मध्येच सांगून गेला, १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या चुकीनं होतात. रोजातून दंड कापल्याशिवाय हे सुधारायचे नाहीत.

दांडियाबाजारकर
हाइनरिख विमा कंपनीतला माणूस. आकडे काढले ते विम्याचे दावे आणि कारखानदारांचे अपघात-अहवाल चाळून. ते अहवाल लिहिणारे बहुतेक सुपरवायझर, म्हणजे तुमचेच भाऊबंद. मग चूक मजुराचीच निघणार!
आणि हुक अडकवायचा कशाला? लाइफलाइनच्या वायरचा, म्हणजे हुक अडकवायला पक्क्या बांधलेल्या तारेचा, फोटो टाका, मी गप्प बसतो. परांचीच्या बांबूला अडकवला तर माणूस बांबूसकट खाली. शिवाय नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याला झेलायला नसतोच, त्याला छाती-मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस लागतो. आधी कठडा, मग जाळी. बेल्ट-हेल्मेट सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत.

कडियाचा मुलगा, वाडी
बाबा गिलावा मापावर करायचे, चौरस फुटाच्या भावानं. दर दोन हातांवर हुक काढा, सरकवा, पुन्हा लावा. तो वेळ कोण भरून देणार? दंड कापाल तर माणूस ती भर घाईनं काढेल, आणि घाईतच पाय निसटतो.
कडिया नाक्यावरून, म्हणजे गवंडी-मजुरांच्या अड्ड्यावरून, सकाळी उचललेल्या दाहोदच्या माणसाला तुम्ही दहा मिनिटं तरी समजावता का? त्याच्या भिलीत?

सेफ्टीवाली
मी साइटवालेंच्या बाजूनं, पण अर्धीच. वायर असूनही हुक न लावणारे मी पाहिलेत, पंधरा वर्षं काही झालं नाही म्हणून भीती मेलेली. पण आमचे साहेबच डोक्यावर काही न घालता फिरायचे. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ, फोटोपुरतं हेल्मेट, चहा-समोसा. मजूर ऐकत नसतात, बघत असतात.

दांडियाबाजारकर
फोटो राहिला, साइटवाले.

साइटवाला, भायली
वायर नाहीये. सध्या. बिल्डरला तीनदा सांगितलं, पुढच्या स्लॅबनंतर बघू म्हणाले. माझी तरी कुठं चालते?
पण हेल्मेटात तंबाखू ठेवायला मी सांगितलं नव्हतं.