गिऱ्हाइकाने ‘निसर्गाचा फॉर्म’ पाठवलाय, कॅनिंगवाल्याने काय लिहायचं?

कातळावरचा
रत्नागिरी तालुक्यात आमचं छोटं कॅनिंग आहे, वडलांनी सुरू केलेलं. एप्रिलअखेरपासून पाऊस पडेपर्यंत हापूसचा पल्प, मग थोडं कोकम, आणि उरलेलं वर्ष उधारी वसुली. आमचा बराचसा माल घेणाऱ्या कंपनीने यंदा एक्सेल पाठवली आहे : तुमचा धंदा निसर्गावर कुठे अवलंबून आहे आणि निसर्गावर काय परिणाम करतो? सल्लागाराने फी सांगितली, तेवढ्यात जुना पल्पर नवा होईल. मी भरलं ते असं : पाणी विहिरीचं, बॉयलरला लाकूड, सांडपाणी टाकीत, आवारात चाळीस झाडं लावली. चालेल ना?

आकडेमोड
झाडांची ओळ खोडा आधी. विचारलंय काय, सांगताय काय!
शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (पर्यावरण-समाजाबाबतच्या जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून असे फॉर्म पुरवठादारांकडे झिरपू लागलेत. तुमच्या प्रश्नाची भाषा टीएनएफडी या, धंद्यांनी निसर्गाशी निगडित जोखीम कशी जाहीर करावी हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशींसारखी वाटते (सप्टेंबर २०२३). त्यांच्या ‘लीप’ पद्धतीत पहिली पायरी जागेची, आणि नेमकी तीच सगळे उरकून टाकतात. कारखान्याचा पत्ता लिहिला की झालं. आंबा कुठल्या गावांतून येतो ते लिहा. मग प्रत्येक गोष्टीला विचारा : ही नसेल तर माझं काय अडेल? ते अवलंबन. विहीर दोन्ही रकान्यांत येईल. पाणी लागतं म्हणून एकीकडे, उपसता म्हणून दुसरीकडे. ‘एन्कोर’ नावाचं फुकट साधन आहे, धंद्याच्या प्रकारावरून यादी देतं. पण ती सरसकट यादी, तुमची विहीर तिला ठाऊक नाही.

बागेतली
कॅनिंगवाल्यांना वाटतं आंबा टेम्पोतच पिकतो. दादा, मोहोराचं परागीभवन मधमाशीपेक्षा साध्या माश्याच जास्त करतात. मोहोर फुललेला असताना फुलकिड्यांसाठी फवारलं की त्याही मरतात. आमच्याकडे काही जण माश्या याव्यात म्हणून बागेत कुजकी मासळी टांगतात. वास विचारू नका. तुमच्या एक्सेलमध्ये माशीला रकाना आहे का?
आणि सडा, म्हणजे कातळाचं पठार. सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणायची, कलमं लावायची. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं ही रानफुलं फुलायची, ती गेली. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्यांना, विहिरींना येतं. तुमचीही सड्याखालीच असेल.

कातळावरचा
ताई, सड्याखालीच आहे. गेल्या मेमध्ये आटली, नऊ दिवस टँकर, ऐन हंगामात. फॉर्ममध्ये मी ‘पाणी पुरेसं’ लिहिलं होतं.
दुसरं, लाजत सांगतो. दहा टन आंब्याचा आमच्याकडे पाच टनांच्या आसपास पल्प निघतो. बाकी साल-कोय मागे पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठावर पडते आणि पहिल्या पावसात खाली जाते. खालच्या वाडीतले दोन वर्षं बोलतायत. टाकीचं लिहिलं, हे गाळलं.
गावांचं दलालाला विचारलं तर म्हणतो, आंबा बघ, पत्ता कशाला?

बागेतली
साल शेणात कुजवा, कोय वाळवून बॉयलरला घाला. लाकूडही वाचेल.

आकडेमोड
गाळलेलं आधी लिहा, वाडीच्या तक्रारीसकट. पुढच्या हंगामात पावतीवर बागेचं गाव असल्याशिवाय काट्यावर गाडी घेऊ नका. पहिला आठवडा शिव्या खाल.

कातळावरचा
शिव्यांचं काही नाही. दलाल गाडी शेजारच्या कॅनिंगला वळवेल, त्याचं काय?

बागेतली
मग शेजाऱ्यालाही फॉर्म आलाय का ते विचारा.