पाच लाखांचं कार्ड आहे, पण तापाला डॉक्टर नाही

वडगावचा_मागवाला
बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर दवाखाना बंद केला. वय झालं, मुलगा पुण्याला. बाबांची शुगर, आईचा दमा, माझा सातवीतला टायफॉइड, सगळं त्यांना तोंडपाठ. बाबा आत शिरले की नाडी धरायच्या आधीच, "काय, परत जिलेबी?"

आता नवीन फॅमिली डॉक्टर शोधतोय. म्हटलं, घरात बीपीएल रेशनकार्ड आहे, आयुष्मानचं कार्ड आहे, तर ते चालवून घेणाराच बघू. तीन दवाखाने फिरलो. तिसरीकडं काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि परत पिशवीत घातलं. "काका, हे ॲडमिट झाल्यावर. इथं दीडशे."

मग नियम विचारत बसलो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. पण साध्या तपासणीला, महिन्याच्या गोळ्यांना ते नाही. आणि खासगी हॉस्पिटलात जायचं तर आधी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथं सोय नसेल तर तिथली चिठ्ठी घ्यायची. तातडीचे आजार तेवढे वगळून. म्हणजे ज्यानं बाबांना तीस वर्षं बघितलं, त्याच्या चिठ्ठीला किंमत नाही!

माझं म्हणणं, गल्लीतला डॉक्टर योजनेत घ्या. घरटी वर्षाला काही रक्कम ठरवून द्या. पटतंय का?

जीपी_शहापूर
नाही पटत. मी स्वतः प्रॅक्टिस करतो, म्हणून सांगतो. एका तापाच्या पेशंटसाठी अंगठा घ्या, ओटीपीची वाट बघा, फोटो चढवा, मग बिलाच्या मागं लागा. मोठ्या हॉस्पिटलांना त्यासाठी वेगळा माणूस ठेवायला परवडतं. माझ्याकडं एक कंपाउंडर आहे, तोच गोळ्या बांधतो आणि तोच झाडू मारतो.

घरटी रक्कम म्हणाल, तर त्यात मोठी गोम आहे. पैसे सारखेच मिळणार असतील तर डॉक्टर तरणीताठी घरं गोळा करणार आणि तुमच्या बाबांसारख्या शुगरवाल्याला "यादी भरली" म्हणणार.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
डॉक्टरसाहेब, मग शुगरवाल्याचे जास्त द्या की! हे नवीन थोडंच आहे? मी फौंड्रीत आहे. २१ हजारांच्या आत पगार असला की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात, आमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. त्यात ताप-खोकल्यापासून औषधं मिळतात, घरच्यांना पण. मुंबईत तर ईएसआयचा पॅनल डॉक्टर असायचा, खासगीच, कामगाराच्या चाळीजवळचा. तोच फॅमिली डॉक्टर. मग मागवाल्याला का नको? त्याच्या अंगावर फक्त मालकाचा शिक्का नाही म्हणून?

(आता आमच्या डिस्पेन्सरीत लाइन किती असते ते विचारू नका. अर्धी शिफ्ट जाते.)

खानापूरची_लेक
तुम्ही सगळे खासगीच्याच मागं का? मी आरोग्य केंद्रात काम केलंय. बीपी-शुगरची तपासणी फुकट, गोळ्या फुकट. कार्डसुद्धा लागत नाही. दादा, तुम्ही एकदा तरी गेलाय का?

वडगावचा_मागवाला
गेलोय ताई. इथला सरकारी दवाखाना, नम्मा क्लिनिक, सकाळी ९ ते दुपारी साडेचार. मी मागावरून सुटतो सातला. एक दिवस माग बंद ठेवला तर मजुरी बुडते ती दीडशेपेक्षा जास्त. हे फुकट मला महाग पडतं.

आणि आजीला घेऊन गेलो होतो तेव्हाचं ऐका. आजी म्हणाली, "डोळ्यांपुढं अंधारी येतीय." डॉक्टर नवीन, मराठी कळत नव्हतं. मधल्या बाईंनी कन्नडमधून काय सांगितलं देव जाणे, हातात डोळ्यांत घालायचे ड्रॉप पडले. बीपी कुणी बघितलंच नाही.

निवृत्त_गुरुजी_येळ्ळूर
इथेच सीमाभागाचे दुखणे आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये, कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर तो हक्क सांगतो त्यांच्यासाठी, महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक प्रशासनाने बेळगावातली नोंदणी केंद्रे बंद पाडली. ती योजना नीट चालली असती, तर मराठी माणूस आपल्या भाषेत बोलून उपचार घेऊ शकला असता.

खानापूरची_लेक
गुरुजी, रागावू नका, पण त्या योजनेतसुद्धा खाटेवर पडल्यावरच पैसे. तापाला तीही नाही. दोन सरकारं भांडली ती हॉस्पिटलच्या बिलावरून, आजीच्या बीपीवरून कोण भांडलं? आणि भाषेचं म्हणाल तर आमच्याकडं बदलून आलेले एक डॉक्टर पूर्ण कन्नड. सहा महिन्यांत "कुठं ठणकतंय, का नुसतं दुखतंय?" विचारायला लागले. बदली झाली तेव्हा बायका रडल्या. दोन-तीन वर्षांत बदली होतेच, खरा घोळ तिथं आहे.

निवृत्त_गुरुजी_येळ्ळूर
एका चांगल्या डॉक्टरवरून व्यवस्था चांगली ठरत नाही, बाई.

जीपी_शहापूर
बदलीचा मुद्दा मात्र खरा. फॅमिली डॉक्टर म्हणजे एकाच खुर्चीत वीस वर्षं बसलेला माणूस. ते सरकारला जमत नाही आणि आम्हाला परवडेनासं झालंय. माझ्या मुलीनं एमबीबीएस केलं, पण गल्लीत बसायला तयार नाही. रेडिओलॉजी करणार म्हणते.

एक मात्र मानतो. आमच्या चिठ्ठीला रेफरलसाठी किंमत द्यायला हवी. त्याला पैसाही लागत नाही. अर्थात कमिशन खाऊन चिठ्ठ्या फाडणारे निघतीलच, म्हणूनच सरकार देत नसावं.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट
आणि सरकारी चिठ्ठीला चहापाणी लागत नाही होय? राहू दे, विषय वाढवत नाही.

वडगावचा_मागवाला
चर्चा चालू द्या. तोवर कुणाला माहीत असेल तर सांगा, वडगाव-अनगोळ भागात संध्याकाळी साडेसातनंतर बसणारे, मराठी कळणारे कोण आहेत? बाबांच्या गोळ्या गुरुवारी संपतात. दीडशे तर दीडशे.