पॅलाडिनने शब्द मोडला, तरी शीटवर 'लॉफुल गुड'च? अलाइनमेंट नक्की ठरवायची कुणी?

तळघरातला_डीएम

मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय. आम्ही पाच जण दर शनिवारी डी अँड डी खेळतो (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट खेळायची, मी डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा), फिफ्थ एडिशन, २०१४ वालं पुस्तक, दीड वर्ष एकच कॅम्पेन, म्हणजे सलग गोष्ट, चालू आहे. परवा पार्टीने एक दरोडेखोर जिवंत पकडला, आमच्या पॅलाडिनने (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा) त्याला सगळ्यांसमोर शब्द दिला की टोळीचा अड्डा दाखव, तुला सोडतो. त्याने बिचाऱ्याने दाखवला आणि दुसऱ्या मिनिटाला ह्याने तलवार काढून त्याचं मुंडकं उडवलं. मी म्हटलं अरे शब्द दिला होतास ना? तर म्हणे ह्या राज्यात दरोड्याला फाशीच आहे, मी कायदाच पाळला, शीटवर बघ लॉफुल गुड लिहिलंय. (पात्राच्या कागदावर, म्हणजे शीटवर, अलाइनमेंटचा रकाना असतो: लॉफुल म्हणजे नियम पाळणारा, केऑटिक म्हणजे न जुमानणारा, मधला न्यूट्रल; तसंच गुड की ईव्हिल. अशा नऊ जोड्या.) मी म्हटलं शीटवर तू काहीही लिहिशील, आजपासून तू लॉफुल पण नाहीस आणि गुड पण नाहीस. झालं! दीड तास भांडण, गेम बंद, बिर्याणी थंड.

तर माझं म्हणणं असं की तो रकाना खेळाडूने भरायचाच नाही. कोरा ठेवायचा. चार-पाच सेशन तो काय करतो ते टेबलाने बघायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नाहीतर लोक आधी 'गुड' लिहून घेतात आणि मग जे करतील ते गुडच, असा उलटा हिशोब चालतो. बोला.

नऊखाने

साफ चुकीचं निदान. तुम्ही अलाइनमेंटला चारित्र्याचा दाखला समजताय, ती मुळात होती बाजू. १९७४ च्या पहिल्या डी अँड डीत गुड-ईव्हिल हा प्रकारच नव्हता, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच रकाने, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुठल्या बाजूचे ते सांगायचं. युद्धाच्या खेळातून आलेली माणसं ती, त्यांना कोण कुणाच्या फौजेत ह्याची यादी हवी होती, बस. गंमत म्हणजे त्या यादीत ऑर्क (राक्षसी जमात) न्यूट्रॅलिटीतही आहेत आणि केऑसमध्येही, आणि माणसं तर तिन्हीकडे. त्यामुळे 'ऑर्क पहिल्यापासून दुष्टच' म्हणणाऱ्यांनी ते पान एकदा उघडावं.

गुड-ईव्हिलचा दुसरा अक्ष गायगॅक्सने (डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक) १९७६ मध्ये लेख लिहून मांडला आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात नऊ खाने पक्के झाले. तेव्हा त्याला किंमत होती हो. अलाइनमेंट बदलली की एक लेव्हल गेली. पॅलाडिनने जाणूनबुजून केऑटिक काम केलं तर सातव्या किंवा त्यावरच्या लेव्हलचा लॉफुल गुड क्लेरिक (पुजारी) शोधायचा, त्याच्यापुढे कबुली द्यायची, प्रायश्चित्त घ्यायचं. आणि जाणूनबुजून ईव्हिल केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, परत नाही. तुमच्या दरोडेखोराचा निकाल तेव्हा पाच मिनिटांत लागला असता. आता दात काढून घेतलेत आणि वर म्हणता साप चावत का नाही.

बार्डीण

@नऊखाने, पाच मिनिटांत? अहो मोठ्यांना मारल्यावर मागे उरलेल्या ऑर्कांच्या पोरांचं पॅलाडिनने काय करायचं ह्यावर लोक अजून भांडतायत! नियम कडक होता म्हणजे व्याख्या स्पष्ट होती असं नाही, फक्त डीएमच्या हातात काठी होती.

पण डीएमसाहेब, तुमचंही मला पटलं नाही. मी नवीन मुलांना खेळायला शिकवते, बरीचशी नववी-दहावीची. त्यांच्यासमोर कोरा रकाना ठेवला की ती कोरीच बसतात. 'तुझं कॅरेक्टर कसं आहे?' विचारलं की 'माहीत नाही'. तेच 'केऑटिक गुड' म्हटलं की मुलगी लगेच सांगते, ही गरिबांना मदत करेल पण शिपायाचं ऐकणार नाही. दोन शब्दांत पाय टेकायला जागा मिळते, सहा महिन्यांनी ती स्वतःच ते खोडते. मला तरी तेवढं पुरे आहे. (केऑटिक न्यूट्रल मात्र मी पहिल्या कॅम्पेनला देतच नाही, त्याचा अर्थ सगळीकडे 'मी पार्टीचे पैसे चोरणार' असाच होतो, मग वर 'माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं' आहेच.)

सतरा_अधिक_तीन

काढून टाका राव तो रकाना. मेलेली गोष्ट आहे. तुमच्याच एडिशनमध्ये डिटेक्ट ईव्हिल अँड गुड हा स्पेल (मंत्र) ईव्हिल माणूस ओळखतच नाही, फक्त भुतं, सैतान, देवदूत, फे असली मंडळी दाखवतो. म्हणजे शेजारचा खुनी स्पेलला दिसत नाही आणि बागेतली परी दिसते. नियमांत उरलीय कुठे अलाइनमेंट? तो टीचभर स्प्राइट (परीचाच प्रकार) हात लावून समोरच्याची अलाइनमेंट ओळखतो, आणि असेच दोन-चार जादूचे आयटम. पाथफाइंडरवाल्यांनी (तसाच दुसरा खेळ) तर २०२३ च्या रीमास्टरमध्ये नऊच्या नऊ खाने उडवले, त्याजागी आपण काय करायलाच हवं आणि काय कधीच करायचं नाही ह्याच्या ओळी लिहायच्या. कितीतरी स्वच्छ.

आणि डीएमभाऊ, २०१४ मध्ये पॅलाडिनला अलाइनमेंटची अटच नाहीये, शपथ आहे. तुमच्या ह्याची शपथ कुठली ते तुम्ही सांगितलंच नाहीत. डिव्होशनची (निष्ठेची) असेल तर त्यात पहिलंच कलम खरं बोलण्याचं, दिलेला शब्द पाळायचा, म्हणजे तुम्ही बरोबर. व्हेंजन्सची (सूडाची) असेल तर दुष्टांना दया नाही आणि लागेल तो मार्ग वापरा असं पुस्तकातच आहे, म्हणजे तो बरोबर.

तळघरातला_डीएम

व्हेंजन्स. 😐

नऊखाने

हाहाहा

पारावरचा

मला डी अँड डी फारसं कळत नाही, भाचा खेळतो म्हणून वाचतो. पण लॉफुल म्हणजे राज्याचा कायदा की दिलेला शब्द, हा घोळ आपल्याला नवीन आहे का? भीष्माने शब्द पाळला आणि भर सभेत द्रौपदीसाठी काही करू शकला नाही. लॉफुल शंभर टक्के, गुड किती ते तुम्ही ठरवा. युधिष्ठिर 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि जमिनीच्या वर चालणारा रथ खाली टेकला, म्हणजे तिथे डीएमने लगेच दंड केला, शीटवर काय लिहिलंय ते न विचारता.

सतरा_अधिक_तीन

आलं महाभारत. कर्ण तेवढा आणू नका, धागा चारशेवर जाईल.

बार्डीण

रथाचं उदाहरण चांगलं आहे पण! तिथे कुणी म्हणालं नाही की 'आजपासून तू अधर्मी'. रथ टेकला, बस. जे झालं ते दिसलं. आमच्या तळघरवाल्यांनी मात्र माणसाला तोंडावर सांगितलं की तू गुड नाहीस. शीटवर 'गुड' लिहिलं असतं ना, ते खेळाडू स्वतःबद्दल वाचतो. स्ट्रेंग्थ आठ, म्हणजे कमजोर, लिहिली तर कुणाला वाईट वाटत नाही, पण 'ईव्हिल' लिहिलं की पोटात दुखतं. टेबलावर मतदान घेऊन हे ठरवलंत तर दर महिन्याला पंचायत बसवल्यासारखं होईल, खेळायचं कधी?

तोच_पॅलाडिन

लिंक मिळाली. मीच तो.

एक तर बिर्याणी मी मागवली होती, आणि पैसे मीच दिलेत. दुसरं, डीएमने एक गोष्ट सांगितलेली नाही. तोच दरोडेखोर, कानाला तांब्याची बाळी, आम्ही अकराव्या सेशनला जळलेल्या गावात पाहिला होता. धान्याच्या कोठारात कोंडलेली माणसं. माझ्याकडे वही आहे, तारखेसकट लिहिलेलं आहे. डीएम विसरला. मी शब्द देताना ओळखलं नव्हतं, अड्ड्याजवळ मशाल तोंडासमोर आल्यावर बाळी दिसली. कायद्याचं कारण मी चिडून दिलं, खरं कारण सांगायला मला वेळच मिळाला नाही कारण तोवर माझी अलाइनमेंट बदललेली होती.

आणि हो, शब्द मोडला हे मला मान्य आहे. माझ्या कॅरेक्टरलाही मान्य असतं. त्याला त्याचा त्रास व्हावा असंच मला खेळायचं होतं, पुढची दोन-तीन सेशन. ते तुम्ही एका वाक्यात संपवलंत.

तळघरातला_डीएम

बाळी… अरे यार. ती मी उगाच रंग भरायला म्हणून सांगितली होती, परवाच्याला पण तीच चिकटवली कारण दुसरं काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात हा वेगळाच माणूस होता.

नऊखाने

म्हणजे चुकीचा माणूस मारला?? आता काढा नऊ खाने, मज्जा येईल.

बार्डीण

थांबा थांबा, कोणता माणूस होता हे अजून टेबलावर ठरलेलंच नाहीये ना? ते तरी खेळून ठरवा.

तोच_पॅलाडिन

आमच्या क्लेरिककडे स्पीक विथ डेड (प्रेताला प्रश्न विचारायचा स्पेल) आहे. मुंडकं उडालं असलं तरी तोंड शाबूत आहे, नियमात बसतं. पाच प्रश्न मिळतात. शनिवारी मी क्लेरिकला विचारायला लावणार, कोठार तू पेटवलंस का.

तळघरातला_डीएम

ये. रकाना खोडून ठेव, मीही काही लिहीत नाही. पण नियम पुढे वाच, प्रेताने क्लेरिकला शत्रू म्हणून ओळखलं तर खरं बोलायला ते बांधील नाही.