अ‍ॅबाच्या आधीचं 'ल्युक्का'

कोणीतरी म्हटलंय की पुढे अ‍ॅबा या स्वीडिश पॉप बँडमध्ये गाजलेल्या ब्योर्न आणि बेनी या जोडगोळीचा १९७० चा 'ल्युक्का' हा अल्बम म्हणजे नुसता अ‍ॅबाचा कच्चा माल, तर मला ते काही पटत नाही बुवा. एकतर अख्खा अल्बम स्वीडिशमध्ये, त्यामुळे बाहेर कोणी फारसा ऐकलाच नाही. ल्युक्का म्हणजे आनंद, एवढंच मला कळतं. पण 'हेय गामले मान' हेडफोन लावून ऐका, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेतल्या एका म्हाताऱ्यावरचं साधंसं गाणं आहे, आणि कोरस आला की मागून दोन बायकांचे आवाज असे काही उचलून धरतात की आपण म्हणतो अरेच्चा, हे तर ओळखीचं आहे! अ‍ॅबातल्या आग्नेथा आणि फ्रीडाच त्या, पुढच्या अ‍ॅबाचे चौघं एकत्र असलेलं पहिलं रेकॉर्डिंग हेच. बाकी काही गाणी जरा गुळमट आहेत, ते मान्य. आणि ज्यांना स्वीडिश झेपत नाही त्यांनी याच दोघांचं 'शीज माय काइंड ऑफ गर्ल' ऐका, १९७० चंच, इंग्लिशमध्ये, ते १९७२ मध्ये चाललं कुठे तर थेट जपानमध्ये!