दोष मजुराचा नाही

कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली की 'हातमोजे, मास्क न घालणं ही मजुराचीच बेफिकिरी' असं म्हटलं जातं. हे मत मला मान्य नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे डब्यावरचं लेबल आणि आतलं माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत हवं. कर्नाटकातल्या मराठीभाषक निपाणी, खानापूरकडे लेबलवर मराठीची मागणी त्यामुळे रास्तच आहे. पण औषध सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलं की विष किती तीव्र ते सांगणारा लाल, पिवळा असा रंगीत त्रिकोणही गेला आणि घटकाचं नावही.

हे नाव दवाखान्यात फार लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर अॅट्रोपीन हे औषध उतारा आहे, पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटावर नाही. म्हणून फवारणीआधी मूळ लेबलचा, घटकाचं नाव वाचता येईल असा फोटो मजुराच्या मोबाइलवर पाठवा. तो त्याचा हक्कच आहे.